ठासणी, काडतूस आणि पुंगळी

आजच्या धाग्याचा विषय दारूगोळ्याचा आहे. पण तोफा, गलबते आणि वेढे यांत दुरूनच डोकावतील. एका माणसाने एका बंदुकीसाठी स्वतःच्या हाताने भरलेला एकच बार, एवढ्याशा वस्तूचा हा इतिहास आहे. तो लिहावासा वाटला त्याला कारण माझा भाचा. तो महाविद्यालयात शिकतो, इतिहासाचा त्याला तुमच्याइतकाच नाद आहे, आणि गेल्या गणपतीत त्याने मला सरळ विचारले, ‘‘मामा, रायफलीचे काडतूस घरच्या घरी भरता येते का? सुरुवात कशी करतात?’’ अमेरिकेतली माणसे आपल्या गॅरेजमध्ये टेबलाला दाबयंत्र जोडून काडतुसे भरत बसतात, अशी चित्रे त्याने पाहिली होती. प्रश्न विचारताना त्याची नजर भिंतीवर होती. त्या भिंतीवर काय होते ते पुढे येईल.

आधी शब्दांकडे पाहू, कारण या विषयातले शब्दच अर्धा इतिहास सांगतात. काडतूस आपण पोर्तुगीजांकडून घेतले. त्यांचा ‘कार्तुशु’ आपल्या जिभेवर घोळत काडतूस झाला, पिस्तूलही त्यांचेच. तोफ तुर्कांची. ‘दारू’ फारसी, आणि तिचा मूळ अर्थ औषध. ‘दवादारू’ या जोडशब्दात तो अजून शाबूत आहे. चिनी भाषेतही बंदुकीच्या दारूचे नाव ‘अग्निऔषध’ अशा अर्थाचे आहे, आणि तमिळमध्ये औषध व बंदुकीची दारू यांना एकच शब्द चालतो. वैद्याच्या खलातून ही वस्तू बाहेर पडली, याची ही भाषेने राखलेली खूण. ‘बार’ मात्र आपल्या रोजच्या बोलण्यात इतका मुरला आहे की आपण लग्नाचा बारही उडवतो आणि एखाद्याच्या भाषणाला फुसका बारही म्हणतो. हा वाक्प्रचार ज्याने प्रथम वापरला असेल, त्याने भर पावसाळ्यात ठासणीची बंदूक नक्कीच ओढून पाहिली असेल.

ठासणीच्या बंदुकीत तयार काडतूस नसते. प्रत्येक बार बंदूकवाल्याने स्वतः रचायचा. शिंगातून मापाने काढलेली काळी दारू नळीच्या तोंडातून आत सोडायची. तिच्यावर काथ्याचा किंवा चिंधीचा बोळा घालून लोखंडी वा लाकडी गजाने ठासायचा. मग गोळी अथवा छर्रे. ते ओघळू नयेत म्हणून पुन्हा एक बोळा. एवढे झाल्यावर पेटवण्याची सोय. तोडेदार बंदुकीत नळीच्या कानाशी चिमूटभर बारीक रंजक घालून जळती जामगी तिथे टेकवीत. चकमकी बंदुकीत गारेची ठिणगी तेच काम करी. पुढे कानाच्या जागी छोटी पोकळ बोंडी आली आणि तिच्यावर तांब्याची इवलीशी टोपी बसू लागली. घोडा आपटला की टोपीतला स्फोटक कण फुटतो आणि ठिणगी आत जाते. दिवाळीत टिकल्यांची बंदूक उडवलेल्या प्रत्येकाला हे तत्त्व ठाऊक आहे. स्कॉटलंडमधील अलेक्झांडर फोर्सिथ या पाद्र्याने आघाताने पेटणाऱ्या दारूच्या या युक्तीचे पेटंट 1807 मध्ये घेतले. त्याला म्हणे पाणपक्ष्यांच्या शिकारीचा शौक होता, आणि रंजकाच्या भपक्याने पक्षी सावध होऊन निसटत. एका धर्मोपदेशकाच्या हुकलेल्या बदकांनी जगातल्या साऱ्या सैन्यांच्या बंदुका बदलल्या.

काळी दारू तीन पदार्थांची : सोरा, गंधक आणि कोळसा. त्यांत सोऱ्याचा वाटा सर्वांत मोठा, सुमारे तीन चतुर्थांश. सोऱ्याचे मोठे आगर बिहारात होते. पाटण्याच्या सोऱ्यासाठी इंग्रज, डच आणि फ्रेंच कंपन्या एकमेकांशी झगडत. कोकणात सोरा पिकत नाही, सह्याद्रीत गंधकाच्या खाणी नाहीत. घरचा म्हणावा असा फक्त कोळसा. म्हणजे दख्खनमधल्या कुठल्याही सत्तेला बंदुका घडवणारे लोहार मिळाले, तरी त्या बंदुकांच्या पोटात घालायचे औषध दुरून आणावे लागे. लढायांच्या कथा सांगताना ही बाजू आपण फार हलकी करतो. तलवारीची धार घरी लावता येते. बाराचे तसे नाही.

माझे आजोळ राजापूर तालुक्यात, म्हणून राजापूरचा प्रसंग मला नेहमी आठवतो. 1660 मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला तेव्हा राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन उखळी तोफ आणि दारूगोळा घेऊन तिथे गेला आणि इंग्रजी निशाण लावून गडावर मारा केला. व्यापाऱ्याने उघडपणे एका पक्षाचा दारूगोळा डागावा, हे शिवाजी महाराजांनी विसरणे शक्य नव्हते. पुढच्याच वर्षी, 1661 मध्ये, त्यांनी राजापूर घेतले, वखार लुटली आणि इंग्रजांना कैदेत टाकले. ते 1663 पर्यंत सुटले नाहीत. शाळेत हा प्रसंग विश्वासघाताची शिक्षा म्हणून शिकवला जातो आणि ते खरेच आहे. पण त्या शिक्षेत आणखी एक हिशेब मला दिसतो : ज्याच्या कोठारात दारू आहे, तो वखारवाला असला तरी युद्धातला पक्षकार असतो.

दारू मिळवण्याइतकेच ती जपणे अवघड. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरील दारूखान्याविषयी जो मजकूर आहे, तो इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा सावकाश वाचावा. दारूखाना घरांजवळ नसावा, घरांवरून येणारा वारा त्याच्याकडे जाऊ नये. त्याला तळघर असावे, आत माच घालून त्यावर दारूची मडकी ठेवावीत. सर्द लागू देऊ नये. दर आठपंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू व बाण बाहेर काढावेत, ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावेत. रात्रंदिवस पहारा असावा, परवानगीवाचून माणूस आसपास फिरकू नये. आशय माझ्या शब्दांत दिला आहे, पण त्यातला एकही बारकावा मी वाढवलेला नाही. अठराव्या शतकाच्या आरंभीचा हा राजनीतीचा ग्रंथ घराच्या वाऱ्याची दिशा सांगतो, कारण चुलीतली एक ठिणगी गड घालवू शकते. सोरा हवेतला ओलावा ओढतो, म्हणून ते ऊन देणे. आषाढात सह्याद्रीच्या माथ्यावर दारू कोरडी राखणे ही युद्धकलाच होती, आणि तिचा पोवाडा कोणी रचलेला नाही.

आता आमच्या अंबाडीकडे येतो. भिवंडीहून वाड्याला जाणाऱ्या रस्त्यावर अंबाडी नाका आहे आणि तिथून एक रस्ता वज्रेश्वरीकडे वळतो. गावात येणाऱ्या पाहुण्याला आम्ही हटकून त्या देवळात नेतो. देऊळ टेकडीवर, भोवती किल्ल्यासारखा कोट, आणि चढायला दगडी पायऱ्या. चिमाजीअप्पांनी वसईच्या मोहिमेत देवीला नवस केला होता आणि वसई आल्यावर सुभेदार शंकर केशव फडके यांच्याकरवी देऊळ बांधवले, ही कथा इथे प्रत्येकाला पाठ असते. वसई कशी आली हे मात्र पाहुण्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. 1739 च्या फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत वेढा चालला. तटाखाली भुयारे खोदून त्यांत दारू भरली जात होती आणि आतले पोर्तुगीज ती निकामी करू पाहत होते. मे महिन्याच्या निर्वाणीच्या हल्ल्यात काही सुरुंग वेळेवर उडाले. काही मागाहून उडाले, आणि खिंडाराकडे धावलेल्या मराठी सैनिकांच्याच अंगावर तट कोसळला. देवीचा नवस फेडणारे ते देऊळ मी पाहतो तेव्हा त्या उशिरा उडालेल्या सुरुंगांत सापडलेली माणसे मला आठवतात. बत्ती दिल्यानंतर बार कधी उडेल हे नेमके कळत नाही, हा काळ्या दारूचा जुना दोष त्यांच्या जिवावर बेतला.

ठासणीतून काडतुसाकडे जाणारी पायरी कागदाची होती. मोजलेली दारू आणि गोळी एका कागदी गुंडाळीत आधीच बांधून ठेवली की शिपायाला रणांगणात माप घ्यावे लागत नाही. गुंडाळीचे टोक दाताने फाडायचे, दारू नळीत ओतायची, गोळी ठासायची. आपल्या इतिहासातले सर्वांत प्रसिद्ध काडतूस हेच. 1853 च्या नमुन्याच्या एनफिल्ड रायफलीच्या नळीला आतून आटे होते. गोळी त्यांत घट्ट बसावी आणि तरी सरकावी म्हणून काडतुसाच्या गोळीकडच्या टोकाला वंगण लावीत. त्या वंगणात गाईची आणि डुकराची चरबी असल्याची बातमी 1857 च्या जानेवारीत डमडमहून पसरली. पुढची कथा तुम्हाला ठाऊक आहे. त्यातली एक कमी सांगितली जाणारी गोष्ट मात्र आजच्या विषयाच्या गाभ्याशी आहे. गडबड उठल्याबरोबर सरकारने असा हुकूम काढला की काडतुसे कोरडी द्यावीत आणि शिपायांनी आपापल्या पसंतीचे वंगण, तूप नि मेण, स्वतः लावावे. पुढे दातांऐवजी हाताने फाडण्याचीही मुभा दिली. म्हणजे काडतुसाचा थोडासा भाग पुन्हा शिपायाच्या हाती आला. पण तोवर विश्वास उडाला होता. उलट, सवलत दिली म्हणजे आधी पाप होतेच, असे शिपायांना वाटले. 24 एप्रिलला मीरतच्या कवायतीत 90 पैकी 85 स्वारांनी काडतुसे नाकारली. त्या दिवशी त्यांच्यापुढे ठेवलेली काडतुसे जुन्याच धर्तीची होती! भय वस्तूत नव्हते. आपण दाताखाली धरतो ती वस्तू कोणी, कुठे, कशाने बनवली हे आपल्याला कळत नाही, यात ते होते.

उठाव मोडल्यावर सरकारने धडा घेतला. तोफखाना जवळपास सगळा गोऱ्यांच्या हाती गेला. देशी पलटणींना बराच काळ गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुनी बंदूक मिळत राहिली. त्याच सुमारास काडतूसही बदलले. कागद जाऊन पितळ आले. दारू, गोळी आणि पेटवणारी टोपी या तिन्ही गोष्टी एका पितळी पुंगळीत बसल्या आणि बंदूक मागून भरता येऊ लागली. यातली एक गंमत सांगण्याजोगी आहे. पुंगळीच्या बुडातली टोपी फुटण्यासाठी तिच्या आत एक ऐरण लागते. 1860 च्या दशकात दोन माणसांनी हा प्रश्न दोन तऱ्हांनी सोडवला. इंग्रज अधिकारी एडवर्ड बॉक्सर याच्या पद्धतीत ऐरण टोपीच्याच आत असते आणि पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक. अमेरिकन हायरम बर्डन याच्या पद्धतीत ऐरण पुंगळीचाच भाग असते आणि तिच्या बाजूंना बारीक छिद्रे. बॉक्सरच्या पुंगळीतून उडालेली टोपी एका सुईने ढकलून काढता येते, म्हणून ती पुन्हा भरणे सोपे. बर्डनची काढणे किचकट. आणि दैवाचा खेळ असा की इंग्रजाची पद्धत अमेरिकेने उचलली आणि अमेरिकनाची पद्धत युरोपच्या सैन्यांनी. आज अमेरिकेत घरोघर काडतुसे भरण्याचा छंद फोफावलेला दिसतो त्याच्या मुळाशी बरीच कारणे आहेत, पण पुंगळीच्या बुडातले ते एकच भोक हेही एक आहे.

पितळी काडतूस ही कारखान्याची वस्तू. 1869 मध्ये खडकीला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. 5 नोव्हेंबर 1817 रोजी ज्या खडकीच्या माळावर पेशवाईचा शेवट सुरू झाला, त्याच खडकीत बंदुकीची काडतुसे तयार होऊ लागली, आणि तो कारखाना आजही चालू आहे. धूर न करणाऱ्या नव्या दारूसाठी विसाव्या शतकाच्या आरंभी निलगिरीत अरुवनकाडूचा कारखाना निघाला. स्वातंत्र्यानंतर जळगाव जिल्ह्यात वरणगावचा कारखाना झाला. मराठी मुलखाने गेल्या दीडशे वर्षांत किती काडतुसे घडवली असतील याची मोजदाद मला करता येणार नाही. पण ती सगळी राज्यसत्तेने घडवली, प्रजेने नाही. 1878 च्या शस्त्र कायद्याने प्रजेला बंदूक आणि दारूगोळा परवान्यावाचून बाळगणे बंद केले, आणि युरोपियनांना त्यातून मोकळे ठेवले. राष्ट्रसभेने अगदी आरंभीच्या अधिवेशनांतच या कायद्याविरुद्ध ठराव केले होते. गांधीजींसारख्या अहिंसावाद्यानेही पहिल्या महायुद्धाच्या काळात सैन्यभरतीसाठी बोलताना, साऱ्या राष्ट्राला निःशस्त्र करणाऱ्या या कायद्याला इंग्रजी राज्याच्या काळ्या कृत्यांत गणले. जहालांपासून मवाळांपर्यंत सर्वांना एकत्र आणणारे विषय थोडे होते. हा त्यांतला एक.

आणि तरीही कोकणात ठासणीची बंदूक उरली. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर, डुकरे आणि माकडे हाकायला, ती रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कितीतरी घरांत टिकली. मागून भरायच्या बंदुकीची पितळी काडतुसे विकत घ्यावी लागतात, ती महाग. ठासणीचा बार मुठीत मावेल एवढ्या सामानात होतो. निवडणूक जाहीर झाली की या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात आणि निकालानंतर चिठ्ठी लावलेल्या परत येतात, हा तिथला नित्याचा सोहळा आहे. माझ्या आजोबांची अशी एक बंदूक होती. आजोबांनंतर परवाना मामांच्या नावावर आला, पण मामांनी ती कधी उडवली नाही. वर्षातून एकदा पुसून ती माजघराच्या भिंतीवर परत जाई. भाचा प्रश्न विचारताना पाहत होता ती हीच.

त्याच्या मनातला बेत मी हळूहळू काढून घेतला. काडतुसे मिळवायची, त्यांतली दारू काढायची आणि ती पणजोबांच्या बंदुकीत ठासून एकदा बार काढायचा. इतिहास ‘अनुभवायचा’ होता त्याला. इथे मला इतिहास बाजूला ठेवून रसायन सांगावे लागले. आधुनिक काडतुसातली दारू आणि शिंगातली काळी दारू यांत नावाखेरीज काही सारखे नाही. 1884 मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञाने धूर न करणारी दारू सिद्ध केली. ती सोरा-गंधक-कोळशाचे मिश्रण नाही, नायट्रोसेल्युलोज आहे, आणि तितक्याच मापात ती किती तरी अधिक दाब निर्माण करते. काळ्या दारूच्या मापाने ती जुन्या नळीत घातली तर नळी फाटते, आणि जिथे फाटते तिथेच भरणाऱ्याचा डावा हात असतो. अमेरिकेतला छांदिष्टदेखील हे ओळखून असतो. तो उडालेली पुंगळी साच्यात दाबून मूळ मापाची करतो, नवी टोपी बसवतो, मग दारू तोलतो ती ग्रेनमध्ये. सात हजार ग्रेनचा एक पौंड. म्हणजे एक ग्रेन आपल्या सोनाराच्या गुंजेच्याही जवळपास निम्मा. छापील कोष्टकाबाहेर तो एक गुंजही जात नाही. ज्याला हा छंद म्हणतात, तो खरे पाहता सोनाराचा संयम आहे, आणि चुकीची किंमत सोनाराहून बरीच मोठी.

भाच्याने ऐकून घेतले, पण बंदूक खाली काढून पाहण्याचा हट्ट सोडला नाही. मामांनी काढली. तेव्हा मला जुन्या बंदुकांविषयी वाचलेली एक रीत आठवली. ठासणीची बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे बाहेरून दिसत नाही. मोडून उघडण्याजोगे तिच्यात काही नसते. म्हणून तोंड माणसांपासून दूर ठेवून गज नळीत हलकेच सोडायचा, तोंडाशी त्यावर खूण करायची, मग गज बाहेर काढून तो नळीच्या बाहेरून लावून पाहायचा. नळी रिकामी असेल तर गजाचे टोक थेट कानापर्यंत पोचते. मामांनी खिडकीबाहेर नळी रोखून गज सोडला, मी खडूने खूण केली, आणि गज बाहेरून लावून पाहिला. टोक कानापासून चार बोटे अलीकडेच थांबत होते.

कोणी काही बोलले नाही. मामी स्वयंपाकघरातून विचारत होती की पानं वाढू का. बंदूक भरलेली होती. आजोबांनी कुठल्या तरी रात्री डुकरांसाठी बार भरला असेल, डुकरे आली नसतील, आणि टोपी काढून त्यांनी ती तशीच टांगली असेल. त्यांना जाऊन अकरा वर्षे झाली होती. त्या अकरा वर्षांत ती निवडणुकांसाठी ठाण्यात जाऊन आली होती, आम्ही मुले तिच्यासह फोटो काढून घेत होतो, आणि माझी बहीण एकदा तिची नळी डोळ्याशी लावून आत काय दिसते ते पाहत होती. काळी दारू वर्षांनी मरत नाही. कोरडी राहिली तर ती तशीच राहते. 2008 मध्ये व्हर्जिनियात अमेरिकी यादवी युद्धातला, म्हणजे सुमारे दीडशे वर्षांपूर्वीचा, तोफगोळा साफ करताना एक संग्राहक मृत्युमुखी पडला.

बंदूक अंगणातल्या जोत्यावर, तोंड बांधाच्या मातीकडे करून ठेवली. दुसऱ्या दिवशी मामांनी तालुक्याच्या गावातून परवानाधारक बंदूक-कारागिराला आणले. त्याने कानातून आणि तोंडातून तेल सोडून रात्रभर मुरू दिले. मग गजाच्या टोकाला मळसूत्री आकडा लावून एकेक वस्तू ओढून काढली. आधी काथ्याचा बोळा, मग ताटलीत टपटपत पडलेले छर्रे, मग आणखी एक बोळा. हा दुसरा बोळा चिंधीचा होता, आणि मामीने ती चिंधी ओळखली. आजीच्या एका जुन्या लुगड्याचा काठ होता तो. शेवटी काळा चिखल आला. कारागीर म्हातारा होता. तो म्हणाला, ‘‘दारू चांगली होती हो. माप बरोबर धरायचे तुमचे आजोबा.’’

भाच्याला कायदाही सांगावा लागला आणि तो इथेही सांगतो, कारण तुमच्यापैकी कोणाच्या तरी मनात तोच प्रश्न असणार. 1878 चा कायदा गेला. त्याच्या जागी 1959 चा शस्त्र अधिनियम आहे. त्याच्या व्याख्येत ‘दारूगोळा’ या शब्दात नुसते तयार काडतूस येत नाही. बंदुकीचा बार, त्याचे साहित्य, दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रेही येतात. आणि कलम 5 अन्वये परवान्यावाचून दारूगोळा बनवणे गुन्हा आहे. म्हणजे अमेरिकेतल्या गॅरेजमधले ते टेबल आपल्याकडे कुतूहलापोटी मांडले तरी सुरुवात गुन्ह्यातच होते. स्वतंत्र भारताने परक्या सरकारच्या कायद्यातला वंशभेद काढला, पण परवान्याचा मूळ सांगाडा ठेवला. हे योग्य की अयोग्य यावर वाद घालता येईल. माझे मत विचाराल तर राष्ट्रसभेच्या त्या जुन्या ठरावांबद्दल मला पूर्ण आदर आहे, आणि तरी माजघरातल्या त्या अकरा वर्षांनंतर मी सांगाड्याच्या बाजूने आहे.

रायफलीची ओढ मात्र खोटी नव्हती, म्हणून भाच्याला मी रेंजवर नेले. आता तो रीतसर नेमबाजी शिकतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, ते पॉइंट टू-टूच्या छोट्या काडतुसांवर. त्या काडतुसात वेगळी टोपी नसतेच. पेटणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या कडेत पसरलेला असतो आणि घोडा त्या कडेवरच आपटतो. एकदा कड चेपली की पुंगळी संपली. ती पुन्हा भरण्याची सोयच नाही. हे कळल्यावर भाचा थोडा हिरमुसला. त्याने रेंजवरून परवानगीने एक चेपलेली पुंगळी आणली आणि ती माझ्या टेबलावर आजोबांच्या छर्ऱ्यांशेजारी ठेवली.

बंदूक सध्या पोलीस ठाण्यात आहे. परवान्याचे नूतनीकरण करावे, विकावी की कायमची जमा करावी, यावर आजोळी एकमत नाही. मामांना ती परत घरी नको. मामीचे म्हणणे, निर्णय काहीही करा, चिंधीचा तो तुकडा मात्र तेल धुऊन तिला द्यावा. भाचा म्हणतो की शिंग तरी ठेवू द्या. रिकामे शिंग ठेवायलाही परवाना लागतो का, हे मामा पुढच्या खेपेला ठाण्यात विचारून येणार आहेत.